रोपांत पडलेलं झाकण

विमानातून काही खाली पडलं की फोन भिंगबाईच्या टेबलावर वाजायचा. विमान सुरक्षा खात्यात ती अठरा वर्षं तपासनीस होती. कुठलाही तुकडा समोर आला की तोंडातून शब्द काढायच्या आधी ती पर्समधून भिंग काढायची, म्हणून ऑफिसातल्यांनी तिचं हे नाव पाडलं होतं. तिला ते ठाऊक होतं. "नाव ठेवायला तरी माणूस डोळ्यांत भरावा लागतो," असं म्हणून ती ते हसण्यावारी न्यायची.

त्या दिवशी सकाळी साडेनऊला फोन आला तो एका रोपवाटिकेतून. विमानतळापासून दहा-बारा किलोमीटरवर, टेकडीच्या उतारावर ती होती. उतरणारी विमानं पोटातून चाकं बाहेर काढतात, नेमक्या त्या वाटेखाली. फोनवर एक वयस्कर बाई होती. रोपांच्या ट्रेमध्ये विमानाचं काहीतरी पडलंय, येऊन घेऊन जा, एवढंच ती म्हणाली. कुणाला लागलं का? नाही. काही मोडलं का? नाही. मग उद्या आले तर चालेल ना, असं भिंगबाई विचारणार, तेवढ्यात पलीकडची बाई म्हणाली, "या वेळी मात्र याच हं. पत्र नका पाठवू."

त्या बोलण्याचा अर्थ भिंगबाईला लागला नाही. तिने पत्ता लिहून घेतला, हातमोजे, पिशव्या, मोजपट्टी गाडीत टाकली आणि निघाली.

खरं म्हणजे असली कामं तिच्यासाठी रोजचंच दळण होतं. लोकांना वाटतं, तुकडा निखळला की विमान कोसळलंच. तसं नसतं. कधी चाकाजवळची झडप निसटते, कधी पंखाखालचा हातभर पत्रा उडतो. विमान आपल्या वाटेने जातं, उतरतं, प्रवासी सामान उचलून घरी जातात आणि कुणाला पत्ताही लागत नाही. भिंगबाई घाबरायची ती दोनच गोष्टींना. एक म्हणजे तो तुकडा खाली कुणाच्या डोक्यावर येईल, आणि दुसरी म्हणजे जाता जाता तो विमानाच्याच एखाद्या नाजूक अवयवावर आदळेल. बाकी मग शोधायचं ते एवढंच, की हात कुणाचा चुकला. कारण पत्रा काही आपणहून निखळत नाही. कुठेतरी कुणीतरी एक स्क्रू नीट पिळलेला नसतो, आणि कुणीतरी न बघता सही ठोकलेली असते.

त्या दिवशी पहाटेपासून धुकं होतं. साडेदहापर्यंत विमानतळ बंदच होता. ती टेकडी चढायला लागली तेव्हा बारा वाजून गेले होते, तरी रस्त्याच्या कडेची झाडं पुसल्यासारखी दिसत होती. गाडीचे दिवे लावून, गोगलगायीच्या चालीने ती फाटकाशी पोचली.

फाटकात दोघी उभ्या होत्या. एक साठीची, बुटकी, हातात रबरी मोजे. दुसरी तिच्याहून उंच, सत्तरीला टेकलेली, काठी टेकून. नणंद-भावजय. धाकटी ती भावजय. तिचा नवरा वारून बरीच वर्षं झाली होती. उंच ती नणंद. तिने लग्नच केलं नव्हतं. दोघी मिळून रोपवाटिका चालवत होत्या, आणि इतकी वर्षं एका छपराखाली राहून एकमेकींना शिव्या न देणाऱ्या नणंद-भावजया भिंगबाईने पहिल्यांदाच पाहिल्या.

"धुक्यात आलात," नणंद म्हणाली. "बरं झालं. वहिनी, चहा टाक."

"आधी तुकडा बघते," भिंगबाई म्हणाली.

हिरव्या जाळीखाली लांबच लांब मांडण्या होत्या. त्यांवर ट्रे, आणि ट्रेमधल्या प्रत्येक खणात बोटभर उंचीचं रोप. ओल्या मातीचा वास येत होता. जाळीवर साठलेलं धुकं थेंब थेंब खाली गळत होतं, आणि तेवढाच काय तो आवाज. तिसऱ्या मांडणीवर, रोपांच्या मधोमध, ते पडलं होतं.

साधारण परातीएवढं, पांढरं, किंचित फुगीर झाकण. कडेने स्क्रूंची आठ भोकं. भिंगबाईने खाली वाकून पाहिलं आणि तशीच थांबली.

तीन किलोचा पत्रा आभाळातून येतो तेव्हा छप्पर फाडून येतो. पण इथे वरची जाळी शाबूत होती, ट्रे शाबूत होता. झाकणाखाली वाकलेली रोपंसुद्धा नुसती वाकली होती, मोडलं एकही नव्हतं. जणू कुणी दोन्ही हातांनी, जपून, ते तिथे ठेवलं होतं.

"तुम्ही उचलून ठेवलंत का इथे?"

"आम्ही हात नाही लावला," भावजय म्हणाली. "मी सातला पाणी द्यायला आले. या टोकाला पाइप लावला, वळले, तर तिथे हे. वळायच्या आधी नव्हतं."

"आवाज?"

"कसलाच नाही."

"वरून विमान गेलं असेल तेव्हा."

भावजयीने मान हलवली. "धुकं होतं ना बाई. साडेदहापर्यंत एकही विमान गेलं नाही."

ते भिंगबाईला ठाऊक होतं. तिने मुद्दामच विचारलं होतं. तिने मोजे चढवले, झाकण उचललं, उलटं केलं. आतल्या बाजूला छोटी पट्टी आणि पट्टीवर नंबर, अगदी स्वच्छ. मग तिने भिंग काढलं. एका कडेला, लांबट, बोटभर जाडीचा हिरवा ओरखडा होता. गडद हिरवा रंग पत्र्यात पार रुतला होता, एखाद्या गोष्टीवर जोरात घासल्यासारखा. जाळी हिरवी, मांडण्याही हिरव्या. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

तिथूनच तिने विमानतळावर फोन लावला. हँगरमधला मुख्य तंत्रज्ञ तिच्याच बॅचचा. त्याला सगळे मिस्त्री म्हणायचे, कारण मोठ्या पदावर पोचला तरी खिशातला पाना त्याने कधी सोडला नव्हता.

"मिस्त्री, नंबर देते. कुणाचं काय सुटलंय बघ."

दहा मिनिटांनी त्याचा फोन आला. "सापडलं. पाठीवरचं झाकण आहे, शेपटीच्या अगदी पुढचं. गेल्या आठवड्यात मोठी तपासणी झाली, तेव्हा नवीन बसवलेलं. विमान समोरच उभं आहे, काल रात्रीपासून. चार-दहाला सुटतंय."

"मग झाकण लावायला घ्या."

"तेच तर सांगतोय. झाकण जागेवर आहे."

भिंगबाईने हातातल्या झाकणाकडे पाहिलं.

"मी स्वतः शिडी लावून बघितलं गं. आहे जागच्या जागी. तुझ्या हातातलं कुणीतरी खोट्या नंबराचं बनवलेलं असणार. भंगारवाले काय वाट्टेल ते करतात हल्ली."

"शक्य आहे," ती म्हणाली. पण ती पट्टी खोटी नव्हती. अठरा वर्षांत तिने खऱ्या-खोट्या शेकडो पट्ट्या पाहिल्या होत्या.

तिने झाकण पिशवीत घातलं, पिशवीला दोरा बांधला. तेवढ्यात नणंद काठी टेकत मागे येऊन उभी राहिली. "काय म्हणाले? कुठल्याच विमानाचं काही हरवलेलं नाही, असंच ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"दर वेळी तेच सांगतात." नणंद वळली. "या. कुंड्यांच्या खोलीत या."

घराच्या मागे पत्र्याची खोली होती. रिकाम्या कुंड्यांच्या उतरंडी, खताची पोती, कोपऱ्यात जुनं टेबल. खताचा उग्र दर्प होता, आणि त्याच्याआड दुसरा एक वास. भिंगबाईच्या नाकाला तो लगेच ओळखू आला, कारण हँगरमध्ये पाऊल टाकताच तोच यायचा. विमानाच्या इंधनाचा. टेबलावर पोतं अंथरलं होतं आणि त्यावर सहा वस्तू ओळीने ठेवल्या होत्या. एक रबरी पट्टी, एक तुटकी कडी, वाकलेला पत्रा, दोन लहान झडपा, आणि एक मोठा कोपरा, कुठल्याशा इंजिनाच्या आवरणाचा.

"अकरा वर्षांतलं आहे हे," भावजय म्हणाली. तिने टेबलाच्या खणातून वही काढली. "कोणतं कधी पडलं ते वन्संनी लिहून ठेवलंय. पहिल्या चार वेळा आम्ही फोन केले. मग सोडून दिलं. आज मात्र राहवलं नाही."

भिंगबाई त्या मोठ्या कोपऱ्याकडे बघत होती. तिने वहीकडे पाहिलंच नाही.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका विमानाच्या इंजिनाच्या आवरणाचा कोपरा उड्डाणानंतर निखळला होता. विमानाला काही झालं नाही. पण खाली हमरस्त्यावर पाव पोचवणारी एक निळी गाडी चालली होती, आणि कोपरा तिच्या काचेतून आत गेला. चालवणारा जागीच गेला. तपास भिंगबाईकडे होता. तो कोपरा तिने स्वतः गाडीतून काढला होता, स्वतः मोहोर लावून खात्याच्या मुद्देमालाच्या खोलीत ठेवला होता. त्याचा नंबर तिला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता आला असता. त्या माणसाच्या बायकोने तिला एकच प्रश्न विचारला होता: "हे आधी कळलं नसतं का हो?" आणि तिने शक्य तेवढ्या हळुवारपणे उत्तर दिलं होतं, की नाही, आधी कळायचा काही मार्गच नसतो.

तोच नंबर आता टेबलावर होता. वरचं टोक तसंच आत मुडपलेलं. तिने भिंग लावलं. हाताचं कोपर टेबलावर टेकवून ती आणखी वाकली. मुडपलेल्या टोकाच्या घडीत निळ्या रंगाची रेघ होती.

"हे... हे कधी पडलं?"

भावजयीने वहीतून तारीख वाचली. गाडीचा अपघात झाला त्याच्या नऊ दिवस आधीची.

"आधी?" भिंगबाईने भिंग खाली ठेवलं.

"आधी," नणंद म्हणाली. "पेपरात फोटो आला, तेव्हा मला कळलं. निळी गाडी. मी इथे येऊन परत परत बघितलं. तोपर्यंत आम्ही समजत होतो, तुमचे लोक आळशी आहेत, धड शोधत नाहीत. मग कळलं, ते खरंच सांगत होते. तोवर कुठल्याच विमानाचं काही हरवलेलं नसायचं." तिने काठी दुसऱ्या हातात घेतली. "हरवायचं असायचं."

बाहेर जाळीवरून थेंब गळत होते. 

मग भावजयीने वहीच्या मागच्या पुठ्ठ्यातून एक कागद काढला. "याच्या वेळी आम्ही दोनदा फोन केला होता हो. तुमच्याकडून हे आलं."

खात्याचं छापील पत्र. वर शिक्का, खाली तीन ओळी. आपण कळवलेल्या वस्तूबाबत चौकशी केली असता कोणत्याही विमानाचा भाग गहाळ झाल्याची नोंद आढळली नाही, सबब प्रत्यक्ष पाहणीची आवश्यकता वाटत नाही. तारीख अपघाताच्या सहा दिवस आधीची. आणि खाली सही.

सही तिचीच होती. असली पत्रं ती महिन्याला वीस-पंचवीस काढायची. हे काढल्याचं तिला आठवतसुद्धा नव्हतं.

तिने कागद दोनदा वाचला. या दोघी आता आपल्याला काहीतरी बोलतील, असं तिला वाटलं. खरं तर कुणीतरी बोलायला हवं होतं. पण नणंदेने काठीने स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाली, "बसा. तोंड पांढरं पडलंय तुमचं. वहिनी, पाणी आण."

ती बसली. आणि बसल्या बसल्या तिच्या डोक्यात ती गोष्ट लख्ख उजेडासारखी आली. निळी रेघ गाडीची होती. गाडीला लागायच्या नऊ दिवस आधीच ती त्या कोपऱ्यावर होती. म्हणजे जे व्हायचं त्याची खूण अंगावर घेऊनच हे तुकडे इथे येत होते. मग आजच्या झाकणावरचा हिरवा ओरखडा...

तिने फोन उचलला.

"मिस्त्री, त्या विमानाच्या शेपटीचा रंग कुठला?"

"शेपटीचा? हिरवा. गडद हिरवा. का?"

ती उठून उभी राहिली. झाकण पाठीवरचं, शेपटीच्या अगदी पुढचं. हवेत उखडलं तर वाऱ्याच्या झोताने जाणार कुठे? सरळ मागे, शेपटीवर. झाकण गेल्याने विमान पडत नाही. पण शेपूट फाटली तर कुणाच्या हातात काही राहत नाही.

"ते सोडू नकोस. झाकण उघड."

"अगं दोन वाजत आलेत. चार-दहाची वेळ आहे, दीडशेच्या वर माणसं आहेत. परत आलं की उघडतो ना, रात्री."

"आत्ता."

"कारण काय लिहू? कागदावर तपासणी झालेली आहे, सही आहे, मी डोळ्यांनी बघितलंय. काहीतरी कारण दे."

कारण. तिने दाराबाहेर पाहिलं. तीन वर्षांपूर्वी तिने केवळ संशयावरून एक विमान नऊ तास जमिनीवर रोखलं होतं आणि त्यात काहीच निघालं नव्हतं. तेव्हाची समज तिच्या फाइलीला अजून टाचलेली होती. पुन्हा तसं झालं तर टेबल सुटणार, हे साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं. आणि ती काय सांगणार होती? की एका रोपवाटिकेत उद्याचं आज पडतं?

"माझ्या हातातल्या तुकड्यावर तोच नंबर आहे," ती म्हणाली. "दोनांपैकी एक खोटा. खोटा जर विमानावर असला तर? कुणी बनवला, कसला पत्रा, काय माहीत? तू ते हवेत पाठवणार आहेस?"

पलीकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मी लिहून देते," ती म्हणाली. "माझ्या सहीने. विमान थांबवण्याचा आदेश. काही निघालं नाही तर तुझ्यावर काही येणार नाही."

"तुला घरी बसवतील, भिंगबाई."

"बसवू देत. उघड तू."

तिने तिथेच, कुंड्यांच्या खोलीत, त्या पोत्यावर कागद ठेवून आदेश लिहिला, त्याचा फोटो काढून पाठवला. सही करताना तिची नजर शेजारच्या दुसऱ्या सहीवर गेली. दोन्ही अगदी सारख्या होत्या, एकाच हाताच्या.

मग वाट बघणं आलं. भावजयीने चहा आणला. तिघी कपाकडे न बघता चहा प्याल्या. धुकं विरलं होतं, पण आभाळ राखाडीच होतं. टेकडीवरून एक विमान खाली आलं. आधी नुसता घर्रर्र असा आवाज, मग ढगातून पोट, मग पोटातून चाकं. ते डोक्यावरून जाईपर्यंत तिघींनी माना वर केल्या होत्या. काहीही पडलं नाही.

"भीती नाही वाटत इथे राहायची?" भिंगबाईने विचारलं.

"पडताना कुणाला लागत नाही इथे," भावजय म्हणाली. "एक रोपसुद्धा मोडत नाही. तुम्हीच बघितलंत."

"मला वाटते," नणंद म्हणाली. "पडण्याची नाही. पडल्यावर कुणाला सांगायचं, याची."

तीन वाजून वीस मिनिटांनी फोन आला. मिस्त्रीचा आवाज इतका हळू होता, की तिने फोन कानात दाबला.

"उघडलं."

"मग?"

"उघडलं म्हणजे... उघडावं लागलंच नाही गं. पाना लावायच्या आधी मी नुसतं नखाने उचकून बघितलं, तर हातात आलं. आठ स्क्रूंपैकी दोन नाहीतच. बाकी सहा आखूड. दुसऱ्याच कुठल्या झाकणाचे पिळून बसवलेत. दोन आट्यांवर टिकून होतं ते. वर गेलं असतं ना..." त्याने वाक्य सोडून दिलं. "शेपूट बरोबर मागे आहे त्याच्या. मी तिथे बसून बघत होतो. सरळ रेषेत."

"नंबर बघितलास?"

"बघितला. तुझाच आहे. पट्टी अस्सल आहे. पट्टीवर बसवणाऱ्याच्या पेन्सिलची खूणसुद्धा आहे." तो घुटमळला. "मग तुझ्याकडे आहे ते काय आहे, भिंगबाई?"

"येते, मग बोलू," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दोघी तिच्याकडे बघत होत्या. तिने नुसती मान हलवली. भावजय पायरीवर बसली आणि पदराने डोळे टिपू लागली. नणंद मात्र उभीच राहिली. "व्हायचं ते टळलं ना? मग बघा पिशवीत," ती म्हणाली.

"काय?"

"बघा तर."

भिंगबाईने पिशवीचा दोरा सोडला. दोरा तिनेच बांधला होता, गाठ तिचीच होती. झाकण आत होतं. नंबर होता, आठ भोकं होती. तिने कड वर करून उजेडात धरली, मग भिंग लावलं, मग मोजा काढून उघड्या बोटाने चाचपली. पत्रा गुळगुळीत होता. हिरव्या ओरखड्याचा मागमूसही नव्हता.

संध्याकाळी ती हँगरवर गेली. मिस्त्रीने दोन्ही झाकणं शेजारी शेजारी ठेवली, बराच वेळ बघितली, आणि काही न विचारता विमानावरचं ते कुलपात टाकलं. अहवालात तिने आखूड स्क्रूंबद्दल लिहिलं, न बघता केलेल्या सहीबद्दल लिहिलं, त्या तपासणीत हात लावलेली सगळी झाकणं पुन्हा उघडायला लावली. आणखी तीन ठिकाणी तसेच स्क्रू निघाले. रोपवाटिकेचा उल्लेख तिने 'माहिती देणारी व्यक्ती' एवढाच ठेवला. साहेबांनी तिला बोलावून घेतलं, जुनी समज फाइलीतून काढली आणि तिच्यासमोर फाडली. "तुला वास येतो की काय?" ते हसत म्हणाले. तीही हसली.

एका रविवारी ती त्या पावाच्या गाडीवाल्याच्या बायकोकडे गेली. ते छापील पत्र बरोबर नेलं आणि तिच्यापुढे ठेवलं. "तुम्ही विचारलं होतंत, आधी कळलं असतं का," ती म्हणाली. "मी नाही म्हटलं होतं. ते चुकीचं होतं. कुणीतरी कळवलं होतं आणि मी गेले नाही." त्या बाईने पत्र वाचलं, खूप वेळ हातात धरलं. मग ते घडी करून परत दिलं आणि दार लावून घेतलं. भिंगबाई थोडा वेळ त्या दारासमोर उभी राहिली. तिला वाटलं होतं तेवढं ते सोपं नव्हतं, पण केल्याशिवाय राहवणारही नव्हतं.

त्यानंतर तिने दोन गोष्टी केल्या. छापील पत्रांचा गठ्ठा बंद केला. कुठूनही फोन आला तरी ती स्वतः जाऊ लागली. आणि रोपवाटिकेतल्या दोघींना तिने आपला घरचा नंबर दिला. काही पडलं की वेळ-काळ बघू नका, लगेच कळवा. नंबर वाचून दाखवा, मी विमान शोधते, थांबवते. आता मार्ग होता. नंबर असला की सगळं शोधता येतं, असं तिने त्यांना समजावून सांगितलं होतं.

पाच-सहा आठवडे काहीच आलं नाही. मग एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर, फोन वाजला. भावजय होती.

"बाई, पडलंय."

भिंगबाईने वही ओढली, पेन्सिल घेतली. तिचा आवाज अगदी शांत होता. "केव्हा?"

"आत्ताच. गुलाबाच्या कलमांत."

"हात लावू नका. उलटं न करता बघा, पट्टी दिसते का. नंबर सांगा."

"पट्टी नाही याला."

"असते. बारीक असते, पत्र्याच्या आतल्या बाजूला..."

"पत्रा नाहीये बाई हा." मागे नणंदेचा आवाज आला, काहीतरी विचारणारा. भावजय पुन्हा फोनवर आली तेव्हा हळू बोलत होती. "पट्टा आहे. खुर्चीचा. विमानात बसल्यावर कमरेला लावतात ना... तो."

पेन्सिल कागदावर टेकून राहिली.

"रंग? कंपनीचं नाव काही? शिक्का?"

"काळा. साधा काळा. दोन्ही टोकं तुटलीयत, दोरे निघालेत. बाकी काही नाही त्यावर."

भिंगबाईच्या समोर भिंतीवर दिवसभराच्या उड्डाणांचा तक्ता होता. संध्याकाळपर्यंत एकेचाळीस विमानं सुटायची होती, आणि प्रत्येक विमानात असे काळे पट्टे शेकड्याने होते.

"बाई... आहात ना?"

"आहे. बोला."

"तो उघडा नाहीये. बक्कल लावलेलं आहे... घट्ट." दूर कुठेतरी पाण्याचा पाइप वाहत राहिला होता, त्याचा आवाज येत होता. "वन्सं म्हणाल्या, हात लावून बघ. तुम्ही नको म्हणालात, पण मी लावला. बक्कल गार आहे. पण पट्टा आतून, अंगाच्या बाजूने... अजून कोमट आहे."